मी समुद्रसिंह पाहिलेला नाही

तुम्ही जिच्यातून घाईघाईने उतरता आणि उतरल्यावर एकदाही वळून पाहत नाही, ती गाडी मी बोलतेय. अंगाने पांढरी, पोटात वीस माणसांची जागा, आणि कपाळावर लाल अक्षरांत नाव: ला एन्ग्रेइदा. म्हणजे लाडावलेली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण माझ्यासारख्याच कुणावरून तरी पडली असावी.

माझं काम सांगते. लिमा शहरातून कोंबडं आरवायच्या आधी निघायचं. समुद्राकाठी पाराकासच्या धक्क्यावर माणसं उतरवायची. तिथून ती बोटीने बेटांवर जातात आणि समुद्रसिंह, पेंग्विन बघून येतात. मग त्यांना नाझ्काच्या माळावर न्यायचं, जिथे फार जुन्या काळच्या लोकांनी जमिनीवर रेघा ओढून मोठमोठे प्राणी काढून ठेवलेत. तिथून मागे फिरून, ऊन कलताना, वाकाचिनाच्या वाळूच्या डोंगरांत. आणि मग पुन्हा लिमा. समुद्र, पुरातन काळ आणि वाळवंट, सगळं एका दिवसात. जाहिरातीत अगदी असंच छापलंय. जाहिरातीत समुद्रसिंहाचं चित्र आहे, रेघांचं आहे, वाळूवर उडणाऱ्या बग्गीचं आहे. माझं नाही. मी खाली बारीक अक्षरांत आहे, 'प्रवासाची सोय समाविष्ट' या शब्दांत.

मला हेवा वाटतो का? वाटतो. लपवून काय करायचं? माझ्या काचा पारदर्शक आहेत.

त्या बोटीचंच बघा. सकाळी दोन घटका पाण्यावर डुलते, की संपलं हिचं काम. तरी उतरताना लोक तिच्या नावाड्याचा हात हातात घेऊन आभार मानतात. मी दिवसभर रस्ता कापते. माझ्यात बसल्यावर लोक काय करतात? झोपतात. तोंड उघडं टाकून झोपतात. कुठल्या वयाचा माणूस कुठल्या खांद्यावर लाळ गाळतो, एवढंच माझं मानवजातीविषयीचं ज्ञान.

आणि तो समुद्रसिंह! सतरा वर्षं मी लोकांना त्याच्या दाराशी नेतेय, पण मी त्याला पाहिलेला नाही. धक्क्याच्या अलीकडे भिंत आहे, भिंतीच्या अलीकडे मी. जे काही कळलं ते लोकांच्या बोलण्यातून. तो म्हणे खडकावर लोळतो, ढेकर देतो, शेजाऱ्याला ढकलतो आणि त्याला भयंकर वास येतो. हे सगळं माझ्या मागच्या सीटवर रोज चालतं. त्याचे फोटो कोणी काढत नाही.

माझा जन्म जपानातला. तिथे मी एका गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या हॉटेलात होते. म्हाताऱ्या माणसांना स्टेशनवरून आणायचं आणि अंघोळ झाल्यावर परत सोडायचं. स्वच्छ माणसं, स्वच्छ काम. मग मी जुनी झाले असं तिथल्या कोणाला तरी वाटलं आणि मला जहाजात घालून पेरूला पाठवलं. ताक्ना गावच्या कारखान्यात माझं उजवीकडचं स्टिअरिंग उपटून डावीकडे बसवलं, कारण इथे लोक उलट्या बाजूने चालवतात. उजवीकडे जिथे ते होतं तिथे पत्रा ठोकलाय. थंडीत अजून तिथे पोकळ वाटतं. दारावर जपानी अक्षरं तशीच राहिली. आमची गाइड ग्लाडिस प्रवाशांना सांगते, "याचा अर्थ, तुमचा प्रवास मंगलमय होवो." खरा अर्थ 'दार हळू लावा' असा आहे. सतरा वर्षांत कोणी हळू लावलेलं नाही.

ताक्नाहून मला सातुर्निनो वामानी याने आणलं. तोच माझा मालक आणि तोच माझा ड्रायव्हर. इथे नव्या गाडीचा नामविधी करतात. पाद्री येऊन पवित्र पाणी शिंपडतो, आणि गाडीला एक धर्मपिता ठरवतात, तो तिच्या तोंडावर दारूची बाटली फोडतो. माझा धर्मपिता झाला सातुर्निनोचा मित्र पर्सी याताको. मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा. बाटली त्याने अशा जोरात हाणली की बाटली शाबूत राहिली आणि माझ्या बंपरला खोक पडली. ती अजून आहे. त्या दिवसापासून सातुर्निनो आणि पर्सी एकमेकांचे कोंपाद्रे झाले. म्हणजे तुमच्याकडे व्याही होतात तसंच, फक्त मधे लग्नाच्या पोरीऐवजी मी.

सातुर्निनो कमी बोलणारा. ठेंगणा, रुंद, कान मोठे, डोक्यावर नेहमी एकच टोपी. लोक बोटीवर गेले की तो माझ्या दाराला पाठ टेकून उभा राहायचा, पावात डुकराचं तळलेलं मांस घालून खायचा, आणि मग फडक्याने माझ्या काचा पुसायचा. एकदा पिस्को गावात कोणीतरी माझी काच फोडून प्रवाशांच्या पिशव्या नेल्या. तेव्हापासून त्याने मला कधी एकटं सोडलं नाही. लोक समुद्र बघत, तो मला बघे. खरं तर बघत नसे, पाठच टेकलेली असे. पण जगात मला जो एक प्रेक्षक होता तो हाच, आणि मी त्यावर भागवत होते.

आता आमच्या ड्रायव्हर लोकांची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. गाडीच्या देखत तिला विकायची गोष्ट काढायची नाही. तिला कळतं. ती रुसते आणि भर रस्त्यात बंद पडते. चिंचा गावच्या टपरीवर एकाने आपल्या ट्रकला गिऱ्हाईक आल्याचं चहा पिता पिता सांगितलं. ट्रक शेजारीच उभा होता. संध्याकाळी त्याचा गिअरबॉक्स रस्त्यावर पडला होता. शिकलेले ड्रायव्हर या गोष्टीला हसतात, आणि मग विकायची बोलणी करायला गाडीपासून लांब जाऊन उभे राहतात.

मी सांगतेय त्या दिवशी सातुर्निनो सकाळी खुशीत होता. माझ्यात आदल्याच आठवड्यात नवी कोरी बॅटरी बसवली होती, आणि तो ग्लाडिसला पुन्हा पुन्हा दाखवत होता.

"नुसती किल्ली दाखवली तरी सुरू होते," तो म्हणाला.

"उस्ताद, बॅटरीचं कौतुक राहू द्या. त्या मागच्या खिडकीचा पडदा निघालाय, त्याचं बघा," ग्लाडिस म्हणाली. ती चाळिशीची, बुटकी, तोंडाची फटकळ. अकरा वर्षं ती आमच्याबरोबर येत होती.

पाराकासला पोचलो. सगळे उतरले. शेवटी ओर्तेन्सियाबाई उतरल्या. या अरेकिपाच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मोठी टोपी, छोटी पावलं. पायरीवर थांबून त्यांनी सातुर्निनोला विचारलं, "उस्ताद, खरंच एवढाली असतात का हो ती जनावरं? की फोटोत फुगवतात?"

"मला काय ठाऊक, बाई. मी पाहिलेली नाहीत."

"यंदा नाही पाहिलीत?"

"कधीच नाही. गाडीपाशी कोणीतरी लागतं ना."

ग्लाडिस गर्रकन वळली. "कधीच नाही? अहो, अकरा वर्षं मी रोज तुमच्यासमोर त्यांचं पुराण लावतेय!"

"तू कधी विचारलंस?"

"मला वाटलं, बघून बघून कंटाळला असाल, म्हणून असं तोंड करून उभे असता."

"तोंड असंच आहे माझं."

ओर्तेन्सियाबाई नुसत्या बघत राहिल्या, शाळेत मुलाने पाटी आणली नाही की बाई बघतात तसं. ग्लाडिसने हात पुढे केला. "आणा ती किल्ली. बोटीवर त्यांचा माणूस माहिती सांगतो, माझं तिथे काही काम नाही. मी बसते गाडीपाशी."

"आणि हिला काही झालं तर?"

"हिला कोण पळवून नेतंय? ही काय सोळा वर्षांची आहे?"

मला वाटलं, तो नाही म्हणेल. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढली, वाऱ्यात उडू नये म्हणून खिशात घातली, आणि किल्ली तिच्या हातात देऊन निघाला. भिंतीच्या टोकाला पोचल्यावर तर चक्क धावला. माझ्यासाठी तो कधी धावलेला मला आठवत नाही. एकदा उतारावर ब्रेक लावायचा विसरला तेव्हा धावला होता, पण ते वेगळं.

परत आला तो ओलाचिंब. हसत होता. त्याला दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं. अंगाला असा वास येत होता की मी काचा खाली असूनही गुदमरले. हातात एक प्लास्टिकचा समुद्रसिंह होता, स्प्रिंगवर मान डोलावणारा. तो त्याने माझ्या डॅशबोर्डवर, लुरेनच्या प्रभूच्या, म्हणजे इकडच्या येशूच्या, तसबिरीशेजारी, गोंद लावून चिकटवला. विचारलं नाही, सांगितलं नाही, सवत आणून घरात बसवली.

नाझ्कापर्यंतच्या साऱ्या वाटेत ती सवत माझ्यासमोर मान डोलावत होती. होय, होय, होय. कशाला होय म्हणत होती कोणास ठाऊक.

माळावर रस्त्याच्या कडेला लोखंडी मनोरा आहे. लोक त्यावर चढून खालच्या आकृती बघतात. दोन हात दिसतात, एक झाड दिसतं, आणि एक भला मोठा सरडा. त्या सरड्याच्या बरोबर कमरेवरून आमचा रस्ता गेलाय. ज्यांनी रस्ता आखला त्यांना खाली सरडा आहे हे दिसलंच नाही म्हणे. रोज वरून अरेरे, अरेरे ऐकू येतं. लोक हळहळतात, की एवढ्या जुन्या सरड्याचे दोन तुकडे केले. त्याच रस्त्यावरून मी त्यांना आणलेलं असतं, त्याबद्दल अरेरे नाही. आणि सरड्याचे फोटो निघतात त्यात कोपऱ्यात एक पांढरा ठिपका असतो. तो मी. घरी जाऊन लोक तो कापून टाकतात.

"आता हेही बघून या, उस्ताद," ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या. "माझे गुडघे नाही म्हणतात. तुम्ही बघा आणि मला सांगा."

या खेपेला त्याने किल्ली देताना माझ्याकडे पाहिलंही नाही. खडखड जिना चढून गेला. बराच वेळ वर उभा होता. खाली आला तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय दिसलं?" बाईंनी उत्सुकतेने विचारलं.

"सरडा दिसला. बिचारा." त्याने माझ्याकडे बोट केलं. "आणि हिचं छप्पर दिसलं."

"छप्पर?"

"केवढा थर बसलाय त्यावर! पाराकासच्या त्या पाणकोळी पक्ष्यांनी सतरा वर्षं... मी काचा पुसतोय, चाकं पुसतोय, आणि वर हे." तो ग्लाडिसकडे वळला. "मला कोणी सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार? मी काय घार आहे?"

पहिल्यांदाच त्याने मला वरून, लांबून, पूर्ण पाहिलं होतं. त्यात सरड्याला अरेरे आणि मला शी! पण खरं सांगते, दोन हजार वर्षांच्या चित्रावर नजर टाकायला गेलेला माणूस माझ्या छपराला पाहून आला, हे ऐकून माझ्या इंजिनात थोडं बरं वाटलं. थोडंच.

परतीच्या वाटेवर ग्लाडिसचा घसा बसला. रोज बसतो. तिच्याकडे एक बिनतारी माइक असतो, करंगळीएवढा, कॉलरला लावायचा. त्यात बोललं की माझ्या छतातल्या कर्ण्यांतून ऐकू येतं. तिने तो काढून सातुर्निनोच्या कॉलरला अडकवला. "आज तुम्हीच सांगा सगळ्यांना. तुम्ही ताजे आहात."

आणि तो सुटला! सतरा वर्षं न बोललेला माणूस माझ्याच तोंडून, माझ्याच कर्ण्यांतून, दुसरीचं कौतुक सांगू लागला. "एकाला तर अशा मिशा होत्या, थेट आमच्या कोंपाद्रेसारख्या. मी त्याला म्हटलं, काय पर्सी, इथे कुठे? तर त्याने जांभई दिली. पर्सीच!" सगळे हसले. झोपलेले उठले. एक जण टाळ्या वाजवायला लागला. मी चढ चढत होते, गरम झाले होते, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

वाकाचिना म्हणजे वाळूच्या डोंगरांमधलं एक तळं, काठाला ताडाची झाडं. तिथे पर्सी उभा होता, आणि त्याच्याशेजारी त्याची नवी बग्गी. पिवळी. ना दार, ना काच, ना छप्पर, नुसत्या लोखंडी नळ्या आणि जाडजूड चाकं. जिला छप्परच नाही तिच्यावर पक्षी काय करणार? माझ्या धर्मपित्याने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. बग्गीच्या नळीवर थोपटत तो म्हणाला, "कोंपाद्रे, चेहरा बदललाय तुझा. आज पुढच्या सीटवर बस. चल."

सातुर्निनो बसला. तिसऱ्यांदा मला सोडून.

कॉलरचा माइक तसाच राहिला होता. त्याला ते ठाऊक नव्हतं, आणि ग्लाडिसही विसरली होती. त्यामुळे बग्गी पहिल्या टेकडीवर चढली तोवर मला सगळं ऐकू येत होतं. आधी इंजिनची गुरगुर, मग पर्सीचं "धर घट्ट!", आणि मग सातुर्निनो ओरडला. भीतीने नव्हे, आनंदाने. लहान पोरासारखा, पोटापासून. मग ते लांब गेले आणि नुसती खरखर राहिली. माझ्यात बसून तो असा कधी ओरडला नाही. पिस्कोच्या पुलावर एकदा ओरडला होता, पण ते समोरच्या ट्रकवाल्याच्या आईविषयी होतं.

ग्लाडिस माझ्यापाशी एकटीच होती. ती त्याच्या सीटवर येऊन बसली, सीट पुढे ओढून घेतली, कारण तिचे पाय पोचत नाहीत, आणि त्याचा आरसा खाली वळवून ओठांना लाली लावली. मला त्याचं काही नव्हतं. उलट, कोणी बसतंय तर बसू दे, असं झालं होतं.

मंडळी परतली. केसांत वाळू, दातांत वाळू. सगळे माझ्यात चढून बसले आणि ग्लाडिस आपल्या जागी गेली. सातुर्निनो निघाला तसा पर्सीने त्याचा दंड धरला.

"एक बोलायचंय. पण इथे नको," आणि त्याने डोळ्याने माझ्याकडे खूण केली.

दोघे रीत पाळून लांब गेले. पार तळ्यापलीकडच्या झाडाखाली. सातुर्निनोने एकदा मागे वळून अंतरही पाहिलं. आणि मग माझ्या छतातल्या चारही कर्ण्यांतून, स्वच्छ, घंटेसारखा पर्सीचा आवाज आला.

"कोंपाद्रे, वीक तिला."

माझ्यात कोणी हलेना. ग्लाडिसने कर्ण्याचं बटण बंद करायला हात नेला, आणि आवाज जरा वाढवला.

"हळू बोल," सातुर्निनो म्हणाला.

"अरे, एवढ्या लांबून ऐकू येतंय होय तिला? म्हातारी झालीय ती."

"तिचे कान तिखट आहेत."

"ऐक. मला दुसरी बग्गी घ्यायचीय. तू ती चालव. कोंबड्याच्या आधी उठणं नाही, लिमाची गर्दी नाही. संध्याकाळी ऊन कललं की लोक येतात, तुझ्याबरोबर ओरडतात, तुझ्या गळ्यात पडून फोटो काढतात. आज कसा ओरडलास! मी तिचा धर्मपिता आहे. मी सांगतोय, तिचं आयुष्य झालं."

मग सातुर्निनो बोलला. हळू बोलला, पण माझ्या छतातून हळू असं काही नसतं.

"सतरा वर्षं मी लोकांच्या पाठी बघितल्या, पर्सी. इकडून जाताना पाठी आणि पार्किंगची भिंत. जे बघायला सगळं जग येतं, ते माझ्या हाताच्या अंतरावर होतं. आज बघितलं. आणि आता उद्या परत त्या भिंतीपाशी उभं राहायचं म्हटलं तर... बरं. विकतो. रविवारी मागच्या काचेवर पाटी लावतो."

मला काय वाटलं ते सांगू? बोट, सरडा, बग्गी, समुद्रसिंह, सगळ्यांचा हेवा एकत्र केला तरी तो त्या क्षणाच्या पासंगाला पुरला नसता. आणि मी ठरवलं. आता मी हलत नाही. इथेच, या वाळूत, वीस माणसांसकट. रुसायचं म्हणजे काय ते यांना एकदा दाखवतेच.

तो परत आला, चढला, आणि दार लावता लावता थबकला. माझ्यात एवढी शांतता त्याने कधी पाहिली नव्हती.

"काय झालं?"

ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या, "उस्ताद, तुमची कॉलर."

त्याने मान खाली घातली. माइकवरचा लाल दिवा लुकलुकत होता. त्याचा चेहरा पडला.

"हिनं... ऐकलं?"

"ऐकलं काय?" ग्लाडिस म्हणाली. "तिनंच आम्हाला सांगितलं!"

मग एकदम गलका झाला. लिमा पाच तासांवर. कोणाचं सकाळी विमान होतं, कोणाच्या घरी लहान मूल होतं. "माफी मागा तिची," एक बाई म्हणाली. "विकत नाही म्हणा, नुसतं म्हणायला काय जातं?" दुसरा म्हणाला. त्रुहियोचा एक शिकलेला तरुण होता, तो हसून म्हणाला, "अहो, हे यंत्र आहे, यंत्र." त्याच्या आत्यानेच त्याला गप्प बसवलं. "मग उतर आणि ढकलायला उभा राहा, यंत्र आहे तर."

सातुर्निनोने लुरेनच्या प्रभूकडे पाहिलं, बोटांनी स्टिअरिंगला जरा कुरवाळलं, डोळे मिटले आणि किल्ली फिरवली.

मी रुसायची तयारी पूर्ण केली होती. अंगातला प्रत्येक नट आवळून धरला होता. पण बॅटरी नवी होती. तो मला हात लावतो न लावतो तोच इंजिन सुरू झालं. धडधडीत. निर्लज्ज.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणी "लाडावलेलीचा विजय असो" म्हणालं. एकटा सातुर्निनो टाळी वाजवत नव्हता. तो स्टिअरिंगकडे बघत बसला होता.

"चला, उस्ताद. मोठ्या मनाची निघाली," ग्लाडिस म्हणाली.

"एक आचका नाही," तो पुटपुटला. "एक उचकी पण नाही."

"म्हणजे?"

"सतरा वर्षांनी मी तिला विकतो म्हणालो, आणि तिला काहीच वाटलं नाही?"

"अहो, बंद पडायला हवी होती का?"

"जरा तरी!" तो म्हणाला, आणि गिअर टाकायला पाय उचलला, तर गुडघा स्टिअरिंगवर आपटला. त्याने खाली पाहिलं. सीट पुढे ओढलेली होती. वर पाहिलं, आरशात ग्लाडिसचे रंगवलेले ओठ दिसत होते.

तो सावकाश मागे वळला. "माझ्या जागेवर कोण बसलं होतं?"

"मी बसले होते. पाय दुखत होते माझे."

"आणि आरसा?"

"लाली लावत होते. त्यात काय झालं?"

"सकाळीपण बसली होतीस?"

"सकाळी मागे बसले होते. काय विचारताय हे?"

"आणि तिनं बसू दिलं," तो म्हणाला. ग्लाडिसला नव्हे, स्वतःलाच. "मी जरा गेलो तर हे!"

ओर्तेन्सियाबाईंनी टोपी तोंडावर ओढली. त्या हसत होत्या की रडत, ते मला दिसलं नाही. त्याने सीट मागे सारली, आरसा सरळ केला, कॉलरचा माइक काढून ग्लाडिसच्या हातात ठेवला. वाळवंट मागे पडलं, चिंचा आलं आणि गेलं. तो दर थोड्या वेळाने दचकून माझा आवाज ऐकायचा, कुठे काही खट् झालं का म्हणून. काहीच झालं नाही. त्या बॅटरीचं मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोणाची तरी उंच शिडी घेऊन आला. बादली, ब्रश आणि पत्रा खरवडायची पट्टी घेऊन माझ्या छपरावर चढला. सतरा वर्षांचं ते सगळं खरवडत असतानाच पर्सीचा फोन आला.

पूर्वी तो फोन आला की बाजूला जायचा. या वेळी गेला नाही. मुद्दाम माझ्या छपरावर बसून, मोठ्याने, माझ्या नाकासमोर पाय सोडून बोलला.

"नाही विकत. नाही म्हणजे नाही. तुझ्या बग्गीला दुसरा बघ... अरे, ती रुसली नाही म्हणूनच! बायको भांडली तर ठीक असतं, गप्प राहिली तर घाबरावं. आधी बघू दे मला, हिचं मन कुठे गेलंय... काय? म्हातारी? तुझी मिशी म्हातारी!"

त्याने फोन खिशात टाकला आणि पुन्हा खरवडायला लागला. मी गप्प होते. बॅटरीचं खरं कारण मी कशाला सांगू? सांगता येत असतं तरी सांगितलं नसतं.

तेव्हापासून आमचं नवं चाललंय. दर आठवड्याला एकदा, ग्लाडिस माझ्यापाशी थांबते तेव्हा, तो लोकांबरोबर जातो. कधी बोटीवर, कधी मनोऱ्यावर. जाण्याआधी सीटवर खडूने खूण करून जातो आणि परत आल्यावर आधी ती खूण बघतो. ग्लाडिस आता बाहेर स्टुलावर बसते, आणि मला शिव्या देते. मनोऱ्यावरून तो माझ्याकडे हात हलवतो. बाकीचे लोक वळून बघतात, की हा खाली कोणाला हात करतोय? सरड्याला?

मला अजून हेवा वाटतो. बोट अजून डुलतेच. पर्सीने दुसरी बग्गी घेतली, ती लाल आहे. सरडा तर तसाच पडून आहे, कमरेत मोडलेला, आणि लोक त्याच्यासाठी हळहळतातच. समुद्रसिंह मी आजही पाहिलेला नाही. त्याची ती प्लास्टिकची प्रतिमा मात्र रोज माझ्यापुढे मान डोलावते. समुद्राकडचं ऊन तिच्या डाव्या अंगावर पडतं. डाव्या बाजूचा रंग उडालाय, डावा डोळा पुसत आलाय. मला घाई नाही.

तुम्ही कधी या वाटेने आलात, तर एवढंच करा. उतरल्यावर पाच पावलं जा आणि एकदा वळून बघा. फोटो नको, आभार नकोत, नुसतं बघा. दारावरच्या जपानी अक्षरांचा अर्थ आता तुम्हाला ठाऊक आहे, तोही पाळा. आणि माझ्या जवळपास उभं राहून म्हातारी, जुनी, विका, असले शब्द काढू नका.

बॅटरी आता जुनी झाली आहे.